स्टेला ब्लेझ गप्प बसते तेव्हा

"मॅडम, तुम्ही पोलीस आहात ना?"

माझ्या तोंडात डोनेरचा, मांस भरलेल्या रोटीचा, घास होता. लसणाची गोड सॉस हनुवटीवरून ओघळत होती. कमरेला पिस्तूल, छातीवर बिल्ला, पायांत उंच टाचांचे बूट… हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर त्या दुपारी माझ्याइतकं पोलीस कोणीच दिसत नव्हतं. आणि माझ्याइतकं खोटंही.

समोर एक म्हातारी बाई उभी होती. रेनकोटची बटणं वरखाली लागलेली, ओले केस कपाळाला चिकटलेले. "माझे मिस्टर सापडत नाहीत हो. आत्ता इथं बाकावर होते. मी फक्त कॉफी आणायला गेले… त्यांना हल्ली काही आठवत नाही."

'मी नटी आहे, पलीकडे शूटिंग चाललंय,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण तिनं माझी बाही अशी घट्ट धरली होती, की ते वाक्य घशातच राहिलं. आणि तोंडातून निघाला तो स्टेला ब्लेझचा आवाज. खर्जातला, जरासा घोगरा, दर आठवड्याला खुनी पकडणारा.

"काळजी करू नका. शोधते मी."

आणि मी धावले. कुठे? देव जाणे! 'सातवा धक्का' या मालिकेतली डिटेक्टिव्ह स्टेला ब्लेझ नेहमी धावते, म्हणून मीही धावले. बंदरावर दाट धुकं होतं, फळ्या भिजून बुळबुळीत झाल्या होत्या. दहा पावलं गेले असेन नसेन, टाच दोन फळ्यांच्या फटीत अडकली आणि मी थेट गुडघ्यांवर.

एक हात पुढे आला. हाताला धरून उठले, तर समोर तांबूस केसांचा एक उंच माणूस. साधं करडं जाकीट, चष्म्याच्या काचांवर धुक्याचे बारीक थेंब. खिशातून पोलिसाचं ओळखपत्र काढून त्यानं मला दाखवलं. खरंखुरं.

"कुठल्या ठाण्याच्या तुम्ही?" त्यानं विचारलं.

"सातव्या धक्क्याच्या."

"असं ठाणं नाही."

"असतं की. दर गुरुवारी, संध्याकाळी आठ वाजता."

तो हसला नाही. माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे वाकून बघत म्हणाला, "यावर हॅलिफॅक्समधलं एक अक्षर कमी आहे."

दोन वर्षं मी तो बिल्ला लावत होते. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग तो मला तिथेच सोडून म्हातारीकडे गेला. मला वाटलं, आता हा शिट्ट्या मारेल, चहूकडे माणसं धाडेल. तो चक्क बाकावर बसला. तिच्या शेजारी. तिचं नाव विचारलं. मिसेस हिर्टल. नवऱ्याचं नाव एल्विन.

"एल्विन साहेब काय काम करायचे?"

"फेरीबोटीवर होते. दोरखंडांवर. उभा जन्म त्यातच गेला."

"जाण्याआधी काही बोलणं झालं?"

"नाही… काही नाही."

यावर स्टेला ब्लेझनं टेबलावर मूठ आपटली असती. त्यानं काहीच केलं नाही. नुसता बसून राहिला. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. आणि हळूहळू मिसेस हिर्टलचा चेहरा विरघळत गेला.

"मी रागावले होते त्यांच्यावर," ती पुटपुटली. "म्हटलं, तुम्हाला माझं नावसुद्धा आठवत नाही. तर ते म्हणाले… म्हणाले, बोट सुटायची वेळ झाली."

त्यानं शांतपणे फोन काढला. थोड्याच वेळात निरोप आला. डार्टमथला जाणाऱ्या फेरीबोटीवर एक आजोबा एकेक गाठ तपासत फिरताहेत आणि खलाशांना कामं सांगताहेत. मजेत आहेत.

मिसेस हिर्टल हसली, रडली, आणि जाताना माझीच पापी घेऊन गेली. मी ओशाळून उभी.

"तुम्ही धावला नाहीत," मी त्याला म्हटलं.

"कुठे धावायचं ते माहीत नव्हतं."

"पोलीस असल्याची बतावणी करणं गुन्हा आहे ना? मग… अटक करणार?"

आता मात्र त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. "करणार होतो. पण तुमच्या हनुवटीला सॉस लागलीय. असा फोटो निघणं बरं नाही."

त्याचं नाव लॉकलन गिलिस. खून आणि बेपत्ता माणसं, हे त्याचं काम. आणि मी ओडील थेरियो, जिला त्या संध्याकाळी कुठलाच संवाद पाठ होईना.

*

आमचे निर्माते मर्विन झ्विकर यांचा आवाज एखाद्या जहाजाच्या भोंग्यासारखा. दुसऱ्या दिवशी ही हकीकत ऐकून ते पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले. मालिकेचे प्रेक्षक घटत चालले होते. वर्तमानपत्रात कुणीतरी आम्हाला 'पिस्तूलवाली व्यंगचित्रं' म्हटलं होतं. वाहिनीनं निर्वाणीचं सांगितलं होतं: या मोसमाचे उरलेले भाग करा, मग बघू. हे 'मग बघू' म्हणजे काय, ते दिव्यांची पोरं, शिवणाच्या बायका, जेवणाच्या गाडीवरचा बाबा, सगळ्यांना नीट कळत होतं.

"बोलाव त्या तुझ्या पोलिसाला," मर्विन म्हणाले. "बिल्ल्यातली चूक काढली ना त्यानं? आणखी काय काय चुकतंय, सांगू दे."

वरिष्ठांची परवानगी काढून लॉकलन सुट्टीच्या दिवशी सल्लागार म्हणून यायला लागला. आणि बापरे! काय काय चुकत नव्हतं?

पहिल्याच दिवशी मी लाथ मारून दार तोडलं. मर्विननी "कट!" म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धापा टाकत त्याच्याकडे आले. "कसं होतं?"

"दार उघडंच होतं," तो म्हणाला.

"स्टेला उघडं दार वापरत नाही."

"आणि आत शिरताना केस मागे का सारलेत?"

"सुंदर दिसतात म्हणून."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो… ते दिसतात."

आणि कान लाल! गोऱ्या माणसाचे कान लाल झाले की लपवता येत नाहीत, बिचाऱ्याचे.

मग तो आला की आमची जुंपायची. तो म्हणायचा, रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायला महिने लागतात. मी म्हणायची, महिनाभर प्रेक्षक सोफ्यावर बसून राहणार नाही. तो म्हणायचा, खुनी आपण होऊन भाषण ठोकत नाही. मी म्हणायची, मग त्याला चांगला लेखक मिळालेला नाही. जेवणाच्या गाडीपाशी, मेकअपच्या खोलीबाहेर, पार्किंगमध्ये भिजत भिजत आम्ही भांडायचो. भांडण संपलं की दोघांनाही घरी जावंसं वाटायचं नाही.

एकदा मात्र तो चिडला. खरा चिडला. मी एका प्रसंगात एकुलत्या एका केसावरून खुनी ओळखला होता.

"गेल्या वर्षी एका मुलीचा बाप रोज ठाण्यात यायचा," तो म्हणाला. "मुलगी बेपत्ता. रोज मला विचारायचा, 'टीव्हीवर एक केस सापडला की तासाभरात निकाल लागतो, तुम्ही काय झोपा काढता?' मी झोपत नव्हतो, ओडील. त्या दिवसांत मी अजिबात झोपत नव्हतो."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. आणि ती अशी.

"सापडली?" मी हळूच विचारलं.

"सापडली. जिवंत. पण तोवर त्या माणसाच्या लेखी मीच गुन्हेगार झालो होतो. तुमच्यामुळे."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. पण तेवढंच बरोबर नव्हतं.

"आमची मालिका इतकी वाईट आहे, तर तुझ्या ओळखीचं एकही माणूस ती बघत नसेल."

तो गडबडला. "आई बघते."

"काय?"

"केप ब्रेटनला असते, ग्लेस बेमध्ये. एकही भाग चुकवत नाही. म्हणते, 'लॉकी, त्या पोरीला जमतं ते तुला का रे जमत नाही?'"

मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. फसला. तोही हसायला लागला, मग हसता हसता थांबला.

"बाबा गेल्यापासून बघते. खाणीतली धूळ छातीत होती, त्यात गेले. भरपाई नाही, जाब नाही, काही नाही. गुरुवारी त्या एका तासात तिला कोणी फोन करायचा नाही. म्हणते, आठवड्यातून एकदा तरी कोणाचं काहीतरी निस्तरलेलं बघायला मिळतं."

धुक्यात कुठेतरी फेरीबोटीचा भोंगा वाजला. मला तेव्हाच कळलं… या माणसापाशी हरले काय, जिंकले काय, मला आवडणारच होतं.

*

शेवटच्या भागात स्टेला एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून खुनाची कबुली घेते. मर्विननी लिहून घेतलं होतं ते असं: पेटती बोट, कानशिलाला पिस्तूल, "बोल, नाहीतर!" आणि मग धडाम.

"एकही कबुली अशी मिळत नाही?" मी लॉकलनला विचारलं.

"एकही नाही."

"मग कशी मिळते?"

आम्ही बंदराजवळच्या एका छोट्या खानावळीत बसलो होतो. बाहेर पावसाची रिपरिप, काचेवर वाफ, समोर खारट वास येणारं माशांचं सूप.

"दाखवतो," तो म्हणाला. खुर्ची जराशी तिरकी केली. समोरासमोर नाही, बाजूला. "तुम्ही… तू मूळची कुठली, ओडील?"

"हॅलिफॅक्स."

तो काही बोलला नाही.

"म्हणजे… आता हॅलिफॅक्स."

तरी काही बोलला नाही. पण त्याचं न बोलणं रिकामं नव्हतं. त्याला खरंच ऐकायचं होतं. जगात त्याला दुसरं कामच नव्हतं, असा तो बसला होता. आणि माझ्या आतलं काहीतरी, वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेलं, आपोआप उलगडायला लागलं.

"क्लेअरची," मी म्हटलं. "खाली किनाऱ्याकडची. अकेडियन आहे मी, तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतली. बाबांची शेवंड पकडायची बोट आहे. घरी आमची ती मोडकीतोडकी फ्रेंच बोलतो, अर्धी इंग्रजी मिसळून. इथं आले तेव्हा पहिल्याच ठिकाणी लोक हसले माझ्या बोलण्याला. मग मी ते बोलणं टाकलंच. पार पुसून टाकलं. आता आईचा फोन आला तरी मी इंग्रजीतच…" माझा आवाज चिरकला. "मला कधी कधी वाटतं, बिल्ल्यासारखीच मीही आहे. लांबून ठीक. जवळून एक अक्षर कमी."

त्यानं नॅपकिन पुढे सरकवला. त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि तिथेच राहिलं.

"हे… हे चौकशीत करतात?" मी नाक पुसत विचारलं.

"नाही. हे नियमाबाहेर झालं."

"आता माझी पाळी. साहेब, मी तुम्हाला आवडते का?"

"पहिलाच प्रश्न इतका सरळ विचारायचा नसतो," तो म्हणाला. कान पुन्हा लाल! "संशयित सावध होतो."

"झालाय का सावध?"

"पळायच्या बेतात आहे."

पण पळाला नाही. घरापर्यंत पोचवायला आला. एकाच छत्रीत. त्याचा अर्धा खांदा वाटभर भिजत होता, आणि छत्री माझ्याच बाजूला कललेली.

*

मर्विनशी भांडले मी. म्हटलं, बोट पेटवू नका, पिस्तूल नको. एक खोली, दोन माणसं. मला कबुली बसून घ्यायची आहे.

"बसून?" भोंगा वाजला. "प्रेक्षक झोपेल!"

"एकदा करून बघू. नाही जमलं तर बोट आहेच."

"एकदा," मर्विन म्हणाले. "एकदाच, पोरी. या माणसांच्या घरच्या चुली तुझ्या त्या बसण्यावर आहेत, हे लक्षात ठेव."

ते मी विसरूच शकत नव्हते. तालमीला सगळे जमले. दिव्यांवरची पोरं, शिवणातली ग्रेटा, सगळे. मच्छीमाराच्या भूमिकेत आंब्रोज सुरेट होते, रंगभूमीवरचे जुने नट. तेही आमच्याच किनाऱ्याकडचे. लॉकलननं सांगितलं तसं सगळं केलं. तिरकी खुर्ची. हलका प्रश्न. मग गप्प.

आणि… भयाण झालं. कॅमेऱ्यामागच्या माणसानं जांभई दिली. माझं गप्प बसणं म्हणजे संवाद विसरल्यासारखं दिसत होतं. मर्विननी माझ्याकडे न बघता बोटीवाल्यांना फोन लावायला सांगितलं.

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. लॉकलन मागोमाग आला.

"तू सगळं अगदी बरोबर केलंस," तो म्हणाला.

"तेच चुकलं. बरोबर केलं नुसतं!" मी त्याच्याकडे वळले. "लॉकलन, तू त्या दिवशी बाकावर बसलास तेव्हा तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू नुसता वाट बघत नव्हतास. आणि प्रेक्षकाला तुझ्या मनातलं दिसत नाही रे. त्याला काहीतरी दिसायला हवं. काहीतरी… मोडायला हवं."

"काय मोडणार?"

"तुझे नियम."

मी आत गेले. मर्विनना म्हटलं, ते 'एकदा' अजून वापरलेलं नाही मी, ती तालीम होती. आता कॅमेरा चालू करा.

"ॲक्शन!"

मी तिरकी बसले. प्रश्न विचारला. आंब्रोज गप्प. मी गप्प. मग मी उठले, छातीवरचा बिल्ला काढला, दार उघडलं, तो बाहेर जमिनीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. परत आले. या खेपेला त्यांच्या शेजारी बसले, आणि बोलले… स्टेलाच्या आवाजात नाही. माझ्या आईच्या बोलीत. तुटकी, मीठ लागलेली, अर्धी इंग्रजी अर्धी आमची फ्रेंच, जिला हॅलिफॅक्समध्ये लोक हसले होते ती. संहितेत नव्हतं ते. आंब्रोजना कल्पनाही नव्हती.

"काका," मी म्हटलं, "तुमची बोट आता कोण बघतं?"

त्यांच्या डोळ्यांत जे झालं ते अभिनयात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, आणि मला खरंच, अगदी खरंच ऐकायचं होतं. मग त्यांनी त्याच बोलीत, लहान मुलासारखं, सगळं सांगून टाकलं. धाकट्या भावाचं. दोरखंडाचं. त्या पहाटेचं. शेवटी त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी ते टेकू दिलं.

"कट" कोणी म्हणेना. मी मान वळवून बघितलं. मर्विन झ्विकर तोंडावर टोपी धरून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ग्रेटाचे हात सुईदोऱ्यासकट छातीशी. कॅमेरावाला तर श्वास घ्यायचाही विसरला होता.

लॉकलन माझ्यापाशी आला. चेहरा पांढरा.

"आम्ही असं कधीच करत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "बिल्ला काढून ठेवणं… कधीच नाही. चालतच नाही."

"माहीत आहे."

"पण एकदा… त्या मुलीच्या बापाबरोबर मी हे करायला हवं होतं." आणि तो भराभर बाहेर निघून गेला, चष्मा पुसत.

बोट काही पेटवली नाही कोणी.

*

तो भाग फेब्रुवारीत लागायचा होता. मधल्या महिन्यांत आम्ही भेटत होतो. गोठलेल्या तळ्याकाठी फिरत होतो, सिनेमे बघून भांडत होतो. त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. कितीदा तरी ओठांपर्यंत आलेलं मला दिसायचं. आणि मग तो म्हणायचा, "थंडी फार आहे ना?" हो रे बाबा, आहे. कॅनडा आहे हा!

मग एक दिवस म्हणाला, "आईनं बोलावलंय तुला. शेवटचा भाग तिच्या घरी बघायचा म्हणते."

ग्लेस बेला पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. मोराग गिलिस दारातच उभी. बुटकी, कणखर, हातात लाकडी चमचा.

"टीव्हीत बारीक दिसतेस," ती मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली. "बरं झालं खरी अशी आहेस. ये आत."

घरभर शेजारी. खुर्च्या कमी पडल्या म्हणून उलट्या बादल्यांवर बसलेले लोक, ओट्सच्या बिस्किटांचा वास, चुलीवर चहाची किटली. फोन सगळ्यांनी बंद ठेवायचे, हा मोरागचा हुकूम. माझा तेवढा चालू राहू दिला तिनं, मर्विनसाठी. आठ वाजले. मी सोफ्याच्या टोकाला, शेजारी लॉकलन. आमचे खांदे एकमेकांना टेकलेले.

तो प्रसंग आला. खोली. दोन माणसं. बिल्ला दाराबाहेर. बादलीवरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानंही चुळबुळ केली नाही. किटली शिट्टी वाजवत राहिली, तिच्याकडे कोणी उठलं नाही. माझा तो टाकलेला, पुसलेला आवाज देशभरातल्या घरांत बोलत होता, आणि कोणी… कोणीही हसत नव्हतं.

भाग संपला. मोरागनं उठून टीव्ही बंद केला. पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाली, "लॉकी… तुझं काम हे असं असतं?"

"रोज नाही, आई. कधी कधी."

"असंच बसून राहायचं? माणसं रडेपर्यंत?"

"हो."

ती वळली. जवळ आली. त्याच्या गालाला तिनं हात लावला, आणि तो उंच माणूस एकदम शाळकरी पोर झाला. "आणि मी तुला विचारत होते, एवढा वेळ का लागतो म्हणून." "कधी सांगितलं नाहीस रे?"

"सांगता येत नव्हतं."

"हिला आलं," मोराग माझ्याकडे मान हलवत म्हणाली. मग डोळे पुसून लगेच कमरेवर हात: "पण पोरी, एकही दार तोडलं नाहीस आज! मी तासभर वाट बघत होते."

"पुढच्या मोसमात तोडते. शब्द!"

"आहे का पुढचा मोसम?"

मी फोनकडे बघत राहिले. शेजारी घरी जायला उठेनात. चहा झाला, बिस्किटं झाली. आणि तो वाजला. मर्विन! इतके ओरडत होते, की फोन कानापासून लांब धरावा लागला. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. वाहिनीवर फोनांचा पाऊस पडतोय, क्लेअरहून माणसं रडत फोन करताहेत, वाहिनीची मुख्य बाई म्हणाली, पुढचा मोसम पक्का, त्यापुढचाही पक्का. "ग्रेटा नाचतेय इथं! सगळे नाचताहेत! आणि तुझ्या पोलिसाला सांग, त्याला सोडत नाही मी!"

खोलीत आरोळीच उठली. बादल्या बडवल्या लोकांनी. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. एका म्हाताऱ्यानं कुठूनशी फिडल काढली, गज ओढता ओढता थांबला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "थांबा, थांबा. आधी एक सांग, लॉकी. ही पोरगी तुझी कोण? 'तुझा पोलीस, तुझा पोलीस' चाललंय, पण ही कोण तुझी?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. लॉकलननं चष्मा काढला. घातला. कान तर पेटलेच होते.

"हिच्यावर माझं प्रेम आहे," तो म्हणाला. मोठ्यानं, स्पष्ट, साक्ष दिल्यासारखं. "तिला अजून सांगितलेलं नाही. आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय तिला."

हशा उसळला. मोरागनं चमचा छतापर्यंत उडवला. आणि मी… मी सोफ्यावरून उठले, त्याच्या जाकिटाची कॉलर धरली.

"एवढ्या साक्षीदारांसमोर बोललास," मी म्हटलं. "आता फिरवता येणार नाही."

"फिरवायचं नाहीये."

"मग ऐक. माझंही आहे. केव्हापासूनचं. आणि थंडी मुळीच नाहीये!"

त्याला आणखी काही बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही. त्याच्या ओठांना ओट्सची आणि चहाची चव होती, आणि चष्मा मध्ये येत होता, तो मी काढून कोणाच्या तरी हातात दिला.

फिडल सुरू झाली. टेबल भिंतीला सरकलं. मोजे घातलेल्या पायांनी, बूट न सापडलेल्या पायांनी, काठी टेकणाऱ्या पायांनी सगळं घर नाचायला लागलं. कपाटातल्या बश्या खणखणत होत्या. लॉकलनला नाचता येत नव्हतं, अजिबात येत नव्हतं. दर वळणाला तो चुकत होता, माझ्या पायावर पाय देत होता, "माफ कर, माफ कर" म्हणत होता आणि पुन्हा चुकत होता.

"नियम सांगू का?" मी ओरडून विचारलं.

"नको!" तो ओरडला, आणि मला उचलून गरकन फिरवलं.